लांडगा मागून येतो

तीन महिने मी लांडग्याची पावलं गोळा करत होतो.
बटाट्याच्या पिठाची पिशवी दाबून पाहिली,
जुने हातमोजे, ओला दोर,
शेवटी ऊलूबाहेरच्या नदीवरचा खरा बर्फ:
कुर्रर्र, कुर्र,
आणि थांबला की नुसताच श्वास.
याला बक्षीस आहे, पेंटी म्हणाला होता.

मग ताइमी आली खेळून बघायला.
एकोणीस वर्षांची, लोकरीच्या टोपीखाली ओले केस,
सोबत दुभाषा वाइनो.
अकरा वेळा मेली.
अकराही वेळा लांडगा मागून आला
आणि तिला कळलं ते पडदा लाल झाल्यावर.

पुढच्या मंगळवारी आम्ही तळाशी पिवळी अक्षरं टाकली:
'भीतीदायक संगीत'.
तिचे हात हलले. वाइनो घुटमळला, मग बोलला,
ती विचारतेय, कसलं भीतीदायक?
तळघरातला दिवा जातो तसं,
की डॉक्टर नुसता आईशीच बोलत राहतो तसं?

बावीस वर्षं आवाजावर पोट भरून
आवाजासाठी माझ्यापाशी शब्द नव्हता.

रात्री स्पीकरची वायर उपटली
आणि स्वतः जंगलात शिरलो.
पाचव्या मिनिटाला खाल्लं मला,
मीच पाळलेल्या लांडग्यानं.

मग पडद्याच्या कडेला एक फिकट कमान काढली,
तो ज्या बाजूला, त्या बाजूला.
पाऊल पडलं की थरथरणारी.
अक्षरं बदलली: 'बर्फ दबतो. डावीकडे, मागे. थांबतो.'
तिला वेळ मिळावा म्हणून
सगळं जरा आधीच दाखवलं.

ती एकदाही मेली नाही.
कंट्रोलर टेबलावर आपटला.
वाइनोनं शब्दन् शब्द सांगितला, डोळे खाली घालून:
बोट धरून रस्ता ओलांडून देताय मला.
जिंकवू नका.
बाकीच्यांना कळतं तेवढ्याच उशिरा कळू दे,
मला त्यांच्यासारखं मरायचंय.

चार दशांश सेकंद. तेवढंच मागे सरकवलं.
पेंटीला फरक दिसला नाही.
ती दोनदा मेली, तिसऱ्यांदा वळली,
आणि खुर्चीतून अर्धी उठली.

दुपारी दोनलाच अंधार पडला होता.
कोट चढवताना मी विचारलं,
पायाखाली दबणाऱ्या बर्फाला खूण आहे का तुमच्यात?
तिनं क्षणभर विचार केला.
एक मूठ दुसरीवर ठेवली,
हळूच दाबली, किंचित पिळली.

हीच का?
नाही, वाइनो म्हणाला. ती म्हणतेय, आत्ता केली.

बसथांब्यापर्यंत मी हातमोज्यांतल्या मुठी
एकमेकींवर दाबत गेलो.
कुर्रर्र.