रेवा, फेरी एक आणा

एक्केचाळीस खोक्यांत आली ती, मीटरगेजने.
स्टेशनापासून बिलावलीपर्यंत बैलगाड्या,
काळ्या मातीत रुतलेली चाकं,
आणि एका गाडीवर आडवं, गवतात गुंडाळलेलं धुराडं.
इंदूरच्या लोकांना वाटलं, तोफ आहे.

बॉयलरवर शरफुद्दीन परकार, बाणकोटचा.
त्याने तलावाच्या पाण्याने चूळ भरली, थुंकला :
"खारा नाय. ह्याच्यात बोट काय करेल?"

नाव ठेवलं रेवा.
खरी रेवा घाट उतरून पलीकडे,
ही इथे पठारावर, गोल गोल.
एक फेरी बावीस मिनिटं. खाली एक आणा, वर दोन.
चढायचा धक्का तोच उतरायचा.
तरी काही जण वळकटी घेऊन यायचे.
बोट म्हणजे प्रवास, प्रवासाला अंथरूण लागतं.

तिकिटं फाडायला माझे वडील.
तोड्यावरच्या मथूताई खासगीवाले
खिडकीशी म्हणाल्या, "ओंकारेश्वर, एक. परतीचं नको."
वडिलांनी फेरीचं दिलं.
बावीस मिनिटं त्या डोळे मिटून बसल्या.
उतरताना विचारलं नाही, कुठे आलो.

मग संस्थान विलीन झालं.
बोट बागखात्याची की पाणीखात्याची?
फाईल तिच्याहून लांब फेऱ्या मारत राहिली.
कोळशावर सही कोणाची, ठरेना.
एका हिवाळ्यात, धक्क्याला बांधलेलीच,
ती बसली.
म्हैस डबक्यात बसते तशी, आधी मागचं अंग,
मग थोडा विचार करून पुढचं.
परकार म्हणाला, "दर्यात गेली असती तर बुडाली म्हटला असता."
शिट्टी तेवढी काढून घेऊन
तो गिरणीच्या बॉयलरवर गेला.
कोणी मेलं नाही,
म्हणून नोंद नाही.

मी पाणीखात्यात ओव्हरसियर.
माझ्या वाट्याला डेडस्टॉक रजिस्टरातली एक ओळ :
स्टीमर, नग एक. स्थिती : ओली.

मग तो उन्हाळा. तळ उघडा पडला.
भेगांतून धुराडं, कठडा, कठड्याला शिंपले,
बॉयलरमध्ये एक कासव, जिवंत.
भंगारवाला गॅसची नळकांडी घेऊन हजर.
नावातला 'रे' त्याने सायकलला बांधलाही होता.

त्याच आठवड्यात जलूदचा पाइप शहरात पोचला.
हुकूम आला : चाचणीचे पाणी
पिण्यास न देता बिलावलीत सोडावे.
व्हॉल्व्ह मी फिरवला. सव्वाचार.
आधी नुसती हवा, बराच वेळ,
डोंगर चढून दम लागल्यासारखी,
शिट्टी वाजायच्या बेतात.
मग लाल, गढूळ पाणी, ओंकारेश्वरावरून आलेलं.
सरळ तिच्याकडे गेलं.
उतारच तसा होता.

घोटाभर पाण्यात उभा राहून भंगारवाला ओरडत होता.
मी बंद करायला हवं होतं.

डायरीत लिहिलं : पाणी सोडले. गळती नाही.
आमच्या खात्यात प्रवाशांचा रकाना नसतो,
नाहीतर मथूताईंचं नाव घातलं असतं,
आणि पुढे, परतीचं नको.