निळी चिंदी

आमच्या घरात तीन पिढ्यांनी तांबं ठोकलं.
तांबट आळीत उजाडायचं ते हातोड्यांनी.
बंब, घागरी, गंगाळं.
वडिलांचे कान चाळिशीतच गेले,
अजूनही ते माझ्याशी ओरडून बोलतात,
जणू मीच बहिरा.

मी दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानात लागलो.
भद्रकालीच्या मागे, जिन्याखालची खोली,
पाटीवर 'शस्त्र दुरुस्ती', खाली परवाना नंबर.
तिथे मी तांबं काढतो.
गोळी सुटते तेव्हा अंगावरचं थोडं तांबं
नळीच्या आट्यांत ठेवून जाते. केसाएवढं.
त्या केसाने शंभर पावलांवर नेम
वीतभर सरकतो.

मिस्त्री शिकवत नाहीत, खेकसतात.
"गज मागून घाल! तोंडाकडून घालशील
तर तोंडाची कड झिजेल,
मग गोळी उंबऱ्यातच ठेचकाळेल."
"औषध बसू दे. चहा पी. नळीला घाई नसते."
"आरसा करायचा नाही रे बाबा.
जास्त घासलंस तर आटेच मरतील,
गोळी फिरणार काय धरून?"
औषधाला अमोनियाचा वास.
डोळे भरून येतात, गिऱ्हाईकाला वाटतं
पोरगा हळवा आहे.

मार्चात दौलतराव बोरस्ते आले, निफाडकडचे.
खाकी पिशवीत वडिलांची रायफल.
"निवडणुकीला ठाण्यात जमा होती,
परत आणली ती तशीच कपाटात.
बंदी आल्यापासून एक बार नाही काढला.
आठवण म्हणून ठेवलीय.
पण डावीकडे जाते. तेवढं बघा."

डावीकडे जाते.
मिस्त्रींनी चष्मा वर केला, परत खाली केला,
पावती फाडली.

पहिली चिंदी गंजाची यायला हवी होती,
विटकरी, कोरडी.
आली काळी. ओली काळी,
दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणाला येतो
तसला वास.
दुसरीही काळी.
औषध घालून ठेवलं, चहा प्यायलो,
तिसरी निळी.
रामकुंडाजवळ एका घंटेला
कडेला चढतो तो निळा, मोरचुदी.

भिंतीवर कॅलेंडरशेजारी
गेल्या महिन्यातला पेपरचा तुकडा होता,
मिस्त्रींनी कशाला कापून लावला होता
तेव्हा विचारलं नव्हतं.
उसाच्या फडात मादी बिबट्या.
गोळी डाव्या खांद्यात.
दोन दिवस जगली होती म्हणे.

"मिस्त्री," मी म्हटलं.
"दिसलं," ते म्हणाले. "नळी बोलते. आपण मिस्त्री आहोत."
मग बराच वेळ कानशीने
कुठलातरी जुना स्क्रू घासत बसले,
ज्याला घासायची गरज नव्हती.

रात्री चिंद्या घरी नेल्या.
वडिलांच्या हातावर ठेवल्या.
त्यांनी निळी उजेडात धरली, हुंगली,
ओरडून म्हणाले, "तांबंच आहे!
कुणी इतकं वाईट वापरलं?"
आळीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

रायफल अजून आमच्याकडे आहे.
दौलतराव दर बुधवारी बाजाराला येतात,
मेथीची जुडी हातात, चौकशी करतात.
मी सांगतो, "साहेब, एवढ्या वर्षांचा गंज,
हळूहळूच निघतो."
ते माझ्याकडे बघतात.
मी गजाकडे बघतो.
"गंज?" ते विचारतात.
"गंज," मिस्त्री आतून म्हणतात,
"फार खोल गेलाय."

काल त्यांनी मेथी काउंटरवर विसरली.
की ठेवली.
मी रोज नळीत एक चिंदी घालतो,
मागून, सावकाश.
निळी येते.
ठाण्याचा रस्ता दुकानापासून सात मिनिटांचा आहे,
मी दोनदा मोजलाय.
तिन्ही चिंद्या वडिलांच्या गंगाळात आहेत,
त्यावर झाकण आहे,
आणि झाकणाला माझ्या आजोबांनी
ठोकलेला एक पोचा आहे, डावीकडे.