अठराच्या वर

शेफील्डच्या वॉक्ली टेकडीवर, शेवटून तिसऱ्या घरात,
जुलैतल्या एका मंगळवारी
मी दोन देशांची गारव्याची भूक मोजते आहे.
कागदावर तिला मागणी म्हणतात,
आणि दर वेळी तो शब्द टंकताना
मला बघायला आलेले पाहुणे आठवतात,
पोह्यांच्या बशा, माठाजवळ उभी मी.

पद्धत सोपी. एक आकडा धरायचा: अठरा.
दिवस त्याच्या जितका वर, तितके अंश जमा.
बाविसाचा दिवस, चार अंश.
वर्षभर असं लिहीत जायचं,
वाण्याच्या खतावणीसारखं.

अठरा!
अकोल्यात अठरा म्हणजे जानेवारीतली पहाट,
दूधवाल्याचं कानटोपरं.
इथे अठरा झालं की गॅरेथ
चड्डीवर ऑफिसला येतो.
मी त्याला विचारलं, हा आकडा कुणाचा?
तो म्हणाला, कुणाचाही असू दे,
दोघांना एकच लाव म्हणजे झालं.

लावला. पुढच्या तीस वर्षांसाठी
माझ्या तक्त्यात ब्रिटन तीस टक्क्यांनी वाढतो,
भारत आठ.
मथळा तिसाचाच होणार, मला माहीत आहे.
दहाचे तेरा झाले, हे तीस.
तीन हजारांचे तीन हजार दोनशे चाळीस, हे आठ.
आठाच्या पोटात काय काय मावतं
ते लिहायला रकाना नाही.

चार वाजता शेजारच्या हॅडफील्डबाई दारात.
वय एक्क्याऐंशी, हातात ओला रुमाल.
त्यांच्या निजायच्या खोलीत तेहेतीस.
नवऱ्यानं खिडक्यांना रंग दिला तो चौकटीसकट,
त्या तेव्हापासून चिकटल्या.
नवरा गेला. खिडक्या तशाच.
कोंबडी अंड्यांवर बसावी तसं ते घर
शंभर वर्षं उबेवर बसलेलं,
त्याला उठ म्हणून कुणी सांगितलंच नाही.

मी थालीपिठाचं उलथनं घेऊन गेले,
रंगाची शिवण उसवत बसले.
पहिली खिडकी सुटली तेव्हा बाई टाळ्या वाजवायला लागल्या,
आणि मी ती परत लावून घेतली.
आत्ता नाही. बाहेर आतल्यापेक्षा जास्त आहे. रात्री नऊनंतर.
पस्तीस वर्षं थांबले, त्या म्हणाल्या,
आता तुझ्यासाठी आणखी पाच तास?
एक चादर भिजवून दाराला टांगली.
वाळ्याचा पडदा असता तर वास तरी आला असता.
ह्या चादरीला साबणाचा वास,
पण बाई तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

वैजूला फोन केला. तिकडे रात्र झालेली.
काय सांगू माय, पंखा बी गरम हवाच फेकून रायला.
जुलै लागला तरी आभाळ कोरडं.
कूलर आहे, पण दुपारी लाईन जाते.
आणि शेषराव? तो कोपऱ्यावर निंबाखाली,
कोळशाची इस्त्री, अजून तोच.
परवा चक्कर येऊन पडला,
उठून सहा शर्ट पूर्ण केले.

मी तक्त्याकडे परत आले.
मीटर फिरलं तरच मागणी,
असं तळटिपेत मीच लिहिलेलं.
हॅडफील्डबाई: शून्य.
शेषराव: शून्य.
एवढ्या एका ओळीत दोन्ही देश तंतोतंत जुळले.
ती ओळ मी टंकली, गॅरेथला पाठवायच्या आधी खोडली,
मग खोडलेलं परत आणलं.
सकाळी तो विचारेल, ही माणसं कोण?

सव्वानऊला भिंतीपलीकडून
लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज,
मग एक बारीकशी शिवी,
मग परत तोच आवाज.