काळी चार

"किती जणं वाजवून राह्यले?" माय फाटकातूनच विचारायची.
मोहननगरात सायकल धरून उभी,
कॅरिअरला सुताच्या लडींचं गाठोडं.
"एकच हायत. ओहोळ मास्तर."
"मंग भांडून कोन राह्यलं?"

तिचं फार चुकत नव्हतं.
उजवीकडून एक जण काही सांगायला लागे,
दोन वाक्यं होतात न होतात तोच
दुसरा तेच खालच्या सुरात
स्वतःचं म्हणून उचली,
आणि पहिला गप्प बसत नसे.
गोळीबार चौकात आमच्याकडे जेवताना असंच चाले,
फक्त कोणी कागदावर उतरवत नव्हतं.

सायलस ओहोळ. रेल्वेत, सिग्नलला.
बत्तीस वर्षं डायमंड क्रॉसिंगजवळ केबिनमध्ये लिव्हर ओढले.
हावड्याची, मुंबईची, दिल्लीची, मद्रासची
गाडी एकमेकींच्या वाटेवरून
एकमेकींना न लागता जाऊ दिली.
घरी येऊन हात धुतात
आणि पियानोवर तेच करतात, असं लोक म्हणत.
मास्तरांना ते आवडत नसे.
"गाड्या वेळेवर नसतात," एवढंच बोलत.

पियानो मिशनच्या शाळेनं काढून टाकलेला.
मे महिन्यात त्याच्या पोटात, पेडलांमागे,
पाण्याचा गंज ठेवावा लागे,
नाहीतर लाकूड तडकतं.
पाणी रोज बोटभर उतरायचं.
कोण पितं ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

एका सत्तेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात
काळी चार गेली. मधल्या सप्तकातली.
दाबली की नुसतं लाकूड: ठक.
कलकत्त्याहून माणूस यायचा होता, आला नाही.
तेव्हा मास्तरांनी तीन आवाजांचा एक तुकडा लिहिला,
त्या पट्टीला वळसा घालून.
रस्त्यात गाय बसली असली की आपण जातो
तसे तिन्ही आवाज तिच्या बाजूनं जातात,
कोणी हॉर्न वाजवत नाही.

मधल्या आवाजाला स्वतःचा हात नसतो.
दोन्ही हातांचे अंगठे
त्याला आळीपाळीनं कडेवर घेतात.
मास्तर म्हणत, तोच ऐक.
वरचा तर ऐकू येतोच.

शेवटून तिसऱ्या मात्रेत मात्र
खालची काळी एक धरून ठेवलेली,
बाकी सगळे थांबलेले,
आणि मधल्या आवाजात, पेन्सिलनं, काळी चार.
खाली लिहिलंय: दाबायची.
ठक व्हायचं. मी हसायची.
मास्तर लांबी पुरी मोजून बोट उचलायचे.
का, म्हणून विचारलं
तर संध्याकाळी रुळांकडे घेऊन गेले.
रूळ रुळाला छेदतो तिथे
बोटभर फट सोडलेली असते.
मालगाडी येईतो आम्ही उभे राहिलो.
ती फटीवरून गेली. मास्तर परत फिरले.
समजावून काही सांगितलं नाही.

परवा सिव्हिल लाइन्सच्या हॉलमध्ये
तोच तुकडा मी वाजवला.
नवा पियानो, एसी, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या जिवंत.
शेवटच्या पानापर्यंत ठरत नव्हतं:
वाजवली तर हा सूर त्यांनी कधी ऐकलाच नव्हता,
सोडली तर, दाबायची, असं लिहिलंय.
अंगठा ठेवला.
इतका सावकाश खाली नेला
की हातोडी उठलीच नाही,
फक्त तारेवरचं दडपण उचललं गेलं,
आणि खालची काळी एक अजून वाजत होती
तिच्यातून काही तरी या तारेत आलं.
फार बारीक. मोजून उचललं.

ऑटोत माय बराच वेळ बोलली नाही.
चौऱ्याऐंशी वय, डावा कान गेलेला.
झिरो माइलजवळ म्हणाली,
"तीन त मोजले म्या. शेवटी चौथा कोन होता?"

सिग्नल लागला होता.
ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं.