अंजन

नांदखेड फाट्यावर शेड नाही.
वैशाखात विजेच्या खांबाच्या सावलीत
सहा जणं उभी असतात एकामागे एक,
सावली सरकली की रांगही सरकते.

लासूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी,
ड्रायव्हर टायरला हात लावून बघत होता तेव्हा
मी अंजनाच्या पापड्या वेचल्या,
चिल्लरीच्या बॅगेत टाकल्या. बिनतिकिटाच्या.

रात्रभर भिजवल्या.
पिशवीत लावू नको, नर्सरीतल्या वंतामावशीनं बजावलं होतं,
याचं मूळ आधी पळतं.
म्हणून बोअरच्या फुटक्या पाइपाचे हातभर तुकडे,
आणि पावसाळ्यात एक तुकडा फाट्यावर.

पहिल्या वर्षी चार पानं,
शेळीच्या खुरासारखी दुभंगलेली.
दुसऱ्या उन्हाळ्यात तीही गेली.
चहावाला धुडकू
ग्लास विसळलेलं पाणी तिथंच ओतायचा रोज.
म्हणाला, "हाई झाड कव्हय मोठं व्हई, भाऊ?"
मी घंटी मारली.

आषाढात, वाळल्या काडीच्या बुडाशी
लालसर काहीतरी.

आता मी रिटायर.
अर्ध्या तिकिटात जातो त्या बाजूला,
खिडकीतून बघतो:
गुडघ्याएवढं.
रांग अजून खांबाचीच.
धुडकूची तंबाखूची डबी तेवढी
दुपारची अंजनाखाली असते.