पात्याची जाडी

मानवतला मागच्या अंगाला आठ बाय दहाची खोली.
आधी कडबा असायचा, मग शेळी, मग नुसती अडगळ.
शेळी विकली आणि परभणीहून ड्रिल आणलं,
एसटीत मांडीवर धरून,
वरणाचा डबा सांडेल म्हणून धरतात तसं.

दुकानदार म्हणला, ताई, साहेब नाही आले सोबत?
म्हणलं, साहेबांना दहा एमएम काय अन् तेरा काय.
वेग कमीजास्त होणारं दाखवा,
कार्बन ब्रशची एक जोडी जादा टाका,
आणि हे लाल नको, वजन बघा त्याचं,
मनगट माझं आहे, जाहिरातीतल्या पोराचं नाही.
त्यानं मग खुर्ची सरकवली.

करवतीत अख्खा उन्हाळा गेला.
टेप लावून मोजलं, परत मोजलं.
आठ फुटी फळी आत शिरते,
पण शिरली म्हणजे झालं का?
कापून झाल्यावर तिला पलीकडं निघायला
तेवढीच जागा लागते, हे कुणी सांगत नाही.
शेवटी भिंतीला हातभर रुंद भोक पाडलं.
आता फळी दारातून येते, पात्यावरून जाते,
निम्मी गल्लीत निघते.
तिथं घनवटांची रेवती तिला झेलते,
"आली गं काकू, आली!"
बाळंतिणीच्या खोलीबाहेर ओरडावं तशी.

वायरिंग मोईनुद्दीननं केलं.
सोळा अँपिअरचा पॉइंट, लाईन वेगळी,
आणि अर्थिंगला छातीइतका खड्डा.
काळी माती, मे महिना, भेगेत कोपरापर्यंत हात जाईल.
मीठ, कोळसा, परत मीठ, परत कोळसा,
लोणच्यासारखे थर दिले त्यानं.
म्हणला, भाभी, पाणी टाकत जा,
माती सुकली की करंट जाईल कुठं?
तुमच्याकडंच येईल.

रानात मोटारी सुरू झाल्या की
माझ्या पात्याचा आवाज बसतो,
उपाशी पोटी आरती म्हणल्यासारखा.
मग थांबायचं. रेटायचं नाही.
तीस वर्षं शिलाई मशीनवर काढली मी,
सुई मोडायच्या आधी कानाला कळायचं.

तरी पहिलं स्टूल लंगडं झालं.
कापडाला दाब सोडायची सवय,
अंग भरलं तर उसवून मोठं करता येतं.
लाकडाला उसवणं नाही.
वर पातं आपल्या जाडीएवढं खातं ते वेगळंच,
दर कापाला अडीच मिलिमीटर,
भुसा होऊन पायावर पडतं.
रेघ मारली म्हणजे काम संपलं नाही,
रेघेच्या कुठल्या अंगानं जायचं ते आधी ठरवायचं.
एवढ्या एका गोष्टीला
लिंबाच्या तीन फळ्या गेल्या.

बांगड्या काढून स्विचवरच्या खिळ्याला अडकवते.
आत्याबाई दारात आल्या, खिळ्याकडं बघून थिजल्या.
"सवाष्णीचे हात मोकळे? काय करायलीस हे?"
आत श्रीरंग कापसाचे भाव ऐकत होते,
चांगले जिवंत, खोकत.
म्हणलं, आत्याबाई, बांगडी पात्यात गुतली तर हातच जाईल,
मग चुडा कशात भरू?
त्या काही बोलल्या नाहीत.
पाठ फिरवली, परत वळल्या,
हळूच म्हणल्या,
पाटाला पाय किती उंच बसतील गं?
गुडघे लई दुखायलेत.

मी कानामागची पेन्सिल काढली.
त्यांना उंबऱ्यावर बसवलं, उठवलं, विटेवर बसवलं.
आठ इंच ठरलं.

संध्याकाळी तुळशीला तांब्या, अर्थिंगला बादली.
पाट तयार आहे.
आठ इंच, म्हणजे आठाला अडीच मिलिमीटर कमी.
रेघेच्या कुठल्या अंगानं गेले,
ते आत्याबाईंना सांगायचं नाही.