पासंग

सुरतहून यांनी दोन कार्डांची माहिती धाडली,
खाली लिहिलं : बघ, तुला कोणतं परवडतं.
पैसे मी भरीन, तू फक्त घासायचं.
पिंप्राळ्याच्या खोलीत, रात्री साडेनऊला,
कळण्याचं पीठ अजून नखांत,
मी विजेच्या बिलाच्या पाठीवर उभी रेघ मारली.
डावीकडे निळं, उजवीकडे सोनेरी.

निळं सगळीकडे एक टक्का परत देतं.
नऊ हजारांवर नव्वद.
पण भरतानाच शेकडा दीड कापून घेतं,
म्हणजे एकशे पस्तीस.
पंचेचाळीस रुपये मीच त्याला देणार
आणि वर तेच मला म्हणणार : अभिनंदन!

सोनेरी शेकडा पाच देतं.
पण त्याच्या यादीतल्या दुकानांतच.
पण महिन्याला पंचाहत्तरच्या वर नाही.
पण वर्षाची फी, करासकट, पाचशे एकोणनव्वद.
तीन पण.
माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा दोनच निघाले होते.
यादीतलं आपल्या गावात एकच, हायवेवरचा मॉल,
रिक्षा जाऊन-येऊन एकशे वीस.
वर्षाचे नऊशे, वजा फी, उरले तीनशे अकरा.
त्यातून रिक्षा वजा करायला घेतली
आणि पेन ठेवून दिला.

दिवसभर मी लॅबमध्ये
लोकांच्या साखरेचे आकडे छापते,
जेवणाआधीचे, जेवणानंतरचे.
आकड्यांना मी भीत नाही.
चांदणीची खूण करून तळाशी दडवलेला आकडाही
मला चष्म्याविना सापडतो.

सकाळी कांतिलालशेठना विचारलं.
घासा की, म्हणाले, पण दोन टक्के वर लागतील,
मशीनवाला मला थोडाच सोडतो?

बाजारात सुकलालला विचारलं.
भरताची हिरवी वांगी तो तागडीत टाकत होता,
एका पारड्याखाली पासंगाला
सायकलचा गंजका नट, सुतळीनं बांधलेला.
"ताई, हाई कार्ड माले काय कामनं?"
म्हणाला, आणि पिशवीत दोन मिरच्या वर टाकल्या.
मला वाटलं, बघा, हा खरा परतावा.
घरी येऊन वांगी चिरली
तर एक किडकं.

एक ओळ मात्र मी बिलाच्या पाठीवर लिहिलीच नव्हती.
कार्ड घासलं की सुरतेला मेसेज जातो.
दूध. गॅस. शेव, पाव किलो.
आणि दर गुरुवारी, लॅब सुटल्यावर,
बसस्टँडसमोर उभ्यानं खाल्लेली एक कचोरी,
वीस रुपये, चिंचेचं पाणी जास्त.
तेवढा वेळ मी कुणाची कुणी नसते.
बोटं चाटते, रुमाल असूनही.

यांनी हिशेब मागितला नसता.
तसला माणूस नाही.
फोनवर हसून म्हणाले असते,
काय, आज कचोरी झाली वाटतं?
एवढंच.
आणि माझ्या खात्यात वीस पैसे जमा झाले असते.

फी, कर, रिक्षा, शेठचे दोन टक्के,
सगळं एका पारड्यात टाकून पाहिलं.
त्या कचोरीपुढे
पासंगालाही पुरेना.

रात्री फोन आला. "मग, कोणतं?"
मी म्हटलं, निळं तोट्यात जातं,
सोनेरीला मॉल लागतो.
खरंच होतं ते, पै न पै.
"हिशेबाला तू पक्की," म्हणाले, खूश होऊन,
"मग नेहमीसारखे खात्यावर टाकतो."
"टाका."

मग बिल सुलटं केलं.
भरायची शेवटची तारीख
कालची होती.
उशिराचे साडेबारा रुपये वर.